पाकीट फोडण्याआधी: बेसबॉल कार्डांचा सेट पुरा कसा करावा

१९३३ साली बॉस्टनच्या गौडी गम कंपनीने च्युइंगगमबरोबर २४० बेसबॉल कार्डांचा सेट काढला. त्या काळचा गाजलेला खेळाडू बेब रूथ याची एकट्याची त्यात चार कार्डं होती, पण १०६ नंबरचं कार्ड कुणालाच मिळेना. मिळणार कुठून? कंपनीने ते बाजारात आणलंच नव्हतं. पोरं त्या एका रिकाम्या जागेसाठी गम घेत राहिली. तक्रारीची पत्रं यायला लागली, तेव्हा १९३४ मध्ये नॅप लाजवे या जुन्या खेळाडूचं कार्ड छापून पत्र लिहिणाऱ्यांना पाठवण्यात आलं. आज त्या सेटमधलं सगळ्यांत दुर्मिळ कार्ड तेच.

सेट अपुरा राहावा आणि गिऱ्हाइकाने पुन्हा पाकीट घ्यावं, यावर हा धंदा सुरुवातीपासून उभा आहे. त्यामुळे दुकानात हात आपोआप रॅककडे जातो, त्यात तुमच्या स्वभावाचा दोष थोडा आणि पाकीट बनवणाऱ्याचं कसब जास्त. माझं म्हणणं एवढंच, की पाकीट फोडण्याची मजा आणि सेट पुरा करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचे पैसेही वेगळे ठेवले पाहिजेत. मजेने सेट पुरा होत नाही. तो यादीने होतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा छंद बहुतेक वेळा मुलांमार्फत शिरतो. पोरगं लिटल लीग, म्हणजे मुलांचं बेसबॉल, खेळायला लागतं, वाढदिवसाला कुणीतरी कार्डांच्या पाकिटांचा छोटा खोका (ब्लास्टर बॉक्स) देतं, आणि बिग फन बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं जमवलेल्या बापाला अचानक उमाळा येतो. सहा महिन्यांत पोराचा रस आटतो. बापाचा आटत नाही. हा लेख त्या बापासाठी, किंवा आईसाठी. कारण हिशोब पुढे तिच्याच हातात येतो.

पहिली पायरी: सेट कोणता, ते कागदावर लिहा

टॉप्स ही बेसबॉल कार्डं काढणारी मोठी कंपनी, पण ‘टॉप्सचा सेट करतोय’ हे वाक्य पुरेसं नाही. बेस सेट म्हणजे नंबर घातलेली साधी कार्डं. त्यावर इन्सर्ट, म्हणजे त्याच पाकिटांत येणारे वेगळ्या डिझाइनचे छोटे उपसेट. त्यावर पॅरलल, म्हणजे तेच कार्ड वेगळ्या रंगाच्या किंवा चकचकीत किनारीत. आताच्या मुख्य टॉप्स सेटमध्ये एकेका कार्डाचे इतके रंग निघतात, आणि त्यांतले काही तर जगात एकच प्रत असलेले, की ‘सगळे पॅरलल’ हे ध्येय धरणं म्हणजे घर विकायला काढणं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहा: वर्ष, कंपनी, कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत, इन्सर्ट हवेत का, आणि कार्डांची स्थिती साधारण कशी चालेल. या पाच गोष्टींत न बसणारं प्रत्येक कार्ड, ते कितीही सुंदर असो, सेटच्या पैशांतून घ्यायचं नाही.

आता कोणता सेट निवडावा, ते सविस्तर पाहू. इथे झालेली निवड पुढची काही वर्षं तुमच्या मानगुटीवर बसणार आहे.

पहिल्यांदाच करत असाल तर १९८७चा टॉप्स घ्या. ७९२ कार्डं, लाकडाच्या फळीसारखी तपकिरी किनार, बॅरी बाँड्स, मार्क मॅग्वायर, बो जॅक्सन यांची सुरुवातीची कार्डं. साधारण १९८६ ते १९९३ हा काळ ‘जंक वॅक्स’ म्हणून ओळखला जातो. कंपन्यांनी तेव्हा वारेमाप छपाई केली आणि लोकांनी गुंतवणूक म्हणून न फोडलेले खोके माळ्यावर जपून ठेवले. ते अजूनही निघत असतात, म्हणून भाव मातीमोल. त्याचा फायदा असा की यादी करणं, कार्डं लावणं, डबल वेगळे काढणं हे सगळं नगण्य खर्चात शिकून होतं. काही लोक नाक मुरडतील. मुरडू द्या.

जुन्या कार्डांकडे वळायचं तर माझं मत १९७५च्या टॉप्सला. ६६० कार्डं, दोन रंगांची भडक किनार, जॉर्ज ब्रेट आणि रॉबिन याउंट यांची रूकी (म्हणजे पहिलीवहिली) कार्डं, सेटच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही नंबरांवर हँक एरन. महत्त्वाची गोष्ट अशी, की १९७४पासून टॉप्सने अख्खा सेट एकदम बाजारात आणायला सुरुवात केली. त्याआधी सेट टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या सिरीजमध्ये यायचा. शेवटची सिरीज दुकानात पोचेपर्यंत हंगाम संपत आलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं. दुकानदार ती मागवत नसत आणि कमी कार्डं खपत. जुन्या सेटमधले मोठे नंबर महाग असण्याचं कारण हेच. १९७२च्या ७८७ कार्डांपैकी ६५७पासून पुढची सगळी कार्डं अशी. त्यांत एखादा अगदी सामान्य राखीव खेळाडूसुद्धा सुरुवातीच्या सिरीजमधल्या बऱ्यापैकी नावाजलेल्या खेळाडूपेक्षा जास्त पैसे मागतो. १९६७मध्ये तर टॉम सीव्हर आणि रॉड कॅरू या दोघांची रूकी कार्डं नेमकी शेवटच्या सिरीजमध्ये आहेत. म्हणजे दुहेरी मार.

या सगळ्याचं टोक म्हणजे १९५२चा टॉप्स: ४०७ कार्डं, आणि ३११ नंबरपासून सुरू होणारी शेवटची सिरीज. टॉप्सचे साय बर्गर यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की न विकलेले खोके अनेक वर्षं गोदामात पडून होते आणि १९६० साली ते तराफ्यावर चढवून अटलांटिकमध्ये बुडवले. त्या सिरीजचं पहिलंच कार्ड मिकी मँटलचं. त्याची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. गंमत म्हणजे ते कार्ड त्या सिरीजमधलं सर्वांत दुर्मिळ नाही. छपाईच्या पत्र्यावर ते दोनदा होतं, त्यामुळे शेजारच्या कित्येक अनोळखी खेळाडूंपेक्षा त्याच्या प्रती जास्त निघाल्या. भाव नावाला आहे. असो, हा सेट आपल्यासाठी नाही.

नव्या कार्डांत टॉप्सची मुख्य सिरीज वन (फेब्रुवारीच्या सुमारास येते), मग सिरीज टू, मग अपडेट. हेरिटेज आणि ॲलन अँड गिंटर हे सेट दिसायला फार देखणे, पण सेट करणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्यांच्या शेवटच्या नंबरांची कार्डं वर्षानुवर्षं मुद्दाम कमी छापली जात आली आहेत. त्यांना शॉर्ट प्रिंट म्हणतात. गौडीची युक्तीच, फक्त आता उघडपणे केलेली.

दुसरी पायरी: शेवटच्या कार्डांची किंमत आधी काढा

सेटची सुरुवात स्वस्त कार्डांनी होते आणि तो अडतो महाग कार्डांपाशी. म्हणून खर्चाचा अंदाज उलट्या बाजूने करायचा. सेटमधली सर्वांत महाग वीस कार्डं काढा. ट्रेडिंग कार्ड डेटाबेस या फुकट संकेतस्थळावर पूर्ण चेकलिस्ट मिळते. मग ईबेवर एकेक कार्ड शोधा, पण ‘विकली गेलेली’ हा चाळणीचा पर्याय लावून. विक्रेता किती मागतोय याला काही अर्थ नसतो, गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष किती मोजले ते पाहायचं. तुम्हाला चालणाऱ्या स्थितीतल्या प्रतींचे शेवटचे पाच-सहा व्यवहार वहीत उतरवा आणि मधला आकडा धरा.

त्या वीस कार्डांची बेरीज झाली, की उरलेल्या कॉमन, म्हणजे साध्या खेळाडूंच्या, कार्डांचा सरासरी भाव गुणिले संख्या, आणि त्यावर टपाल आणि सेल्स टॅक्स. हा आकडा पाहून छातीत धस्स झालं तर उत्तम. सेट बदलायची हीच वेळ. अर्धा सेट झाल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

स्थितीचा निर्णयही इथेच घ्या. १९६०-७०च्या दशकांतलं एखादं मोठं कार्ड कोपरे किंचित झिजलेल्या स्थितीत आणि त्याच कार्डाची जवळपास निर्दोष प्रत, यांच्या भावात कित्येक पटींचा फरक असतो. नऊ कप्प्यांच्या पानात घातल्यावर हातभर अंतरावरून तो फरक दिसतही नाही. काही सेटना तर स्थितीच्या खास खोडी आहेत. १९७१ची काळी किनार नुसत्या हाताळण्याने पांढरी पडते. १९५२चं एक नंबरचं कार्ड, अँडी पाफ्को, चांगल्या अवस्थेत सापडणं मुश्कील, कारण पोरं नंबरवारी गठ्ठा करून रबरबँड लावायची आणि सगळ्यांत वरचं कार्ड तेच असायचं. आणि जुन्या चेकलिस्ट कार्डांवर पेन्सिलीच्या खुणा असतात, कारण ती असायची खुणा करण्यासाठीच. खूण नसलेली चेकलिस्ट त्यामुळे महाग. मला खुणा केलेली जास्त आवडते, शिवाय ती स्वस्तही पडते.

तिसरी पायरी: पाकिटांचं गणित

हा भाग जरा शांतपणे वाचा. बहुतेकांचे पैसे इथेच वाहून जातात.

टॉप्स सिरीज वन २०२४ मध्ये ३५० बेस कार्डं आहेत. समजा, तुम्हाला एकेक बेस कार्ड पूर्ण नशिबाने मिळतंय. पहिल्या ३५० कार्डांत वेगवेगळी किती निघतील? साधारण २२१. बाकीची डबल. ७०० कार्डं घेतलीत तर ३०३च्या आसपास. १,००० घेतलीत तरी वीसेक कमीच. पूर्ण सेट नुसत्या नशिबाने व्हायचा तर सरासरी २,२५० कार्डं लागतात, आणि त्यातली हजाराहून अधिक केवळ शेवटच्या दहा जागांसाठी खर्ची पडतात. अगदी शेवटच्या एका कार्डासाठी सरासरी ३५० कार्डं उलटावी लागतात.

प्रत्यक्षात परिस्थिती इतकी वाईट नसते, कारण एकाच हॉबी बॉक्समध्ये, म्हणजे कार्डांच्या दुकानात मिळणाऱ्या पाकिटांच्या पूर्ण खोक्यात, सहसा डबल फारसे येत नाहीत. कार्डं पाकिटांत भरण्याच्या या क्रमाला कोलेशन म्हणतात. २०२४च्या सिरीज वनच्या हॉबी बॉक्समध्ये २० पाकिटं, दर पाकिटात १२ कार्डं. इन्सर्ट-पॅरलल वगळून अंदाजे २०० बेस कार्डं वेगवेगळी मिळाली असं धरू. दुसऱ्या बॉक्समध्येही २०० आली, पण त्यात नवी किती? सरासरी ८६. तिसऱ्यात? ३७च्या आसपास. बॉक्सची किंमत तीच, मिळकत प्रत्येक वेळी निम्म्याहून कमी.

यावरून माझा नियम: नव्या सेटसाठी फार तर एक हॉबी बॉक्स फोडावा, मुलांबरोबर बसून, पूर्ण मजा घेत. उरलेली दीडशे कार्डं सुटी विकत घ्यावीत. आणि पाकीट फोडण्यात रसच नसेल तर दुसऱ्याने जुळवून ठेवलेला पूर्ण बेस सेट सरळ विकत मिळतो, बहुधा एका हॉबी बॉक्सपेक्षा कमी पैशांत. ‘मग त्यात गंमत काय’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. ज्याला जुळवण्यात गंमत आहे त्याने तसा सेट घेऊ नये. पण तिसरा बॉक्स ‘सेटसाठी’ घेतोय असं बायकोला सांगू नये, आणि स्वतःलाही.

चौथी पायरी: गठ्ठा, मग यादी, मग सुटी कार्डं

जुन्या सेटची सुरुवात गठ्ठ्याने करा. ईबेवर ‘स्टार्टर सेट’ किंवा ‘पार्शल सेट’ असं शोधलं, की कुणीतरी अर्ध्यावर सोडलेले सेट दिसतात. भाव ठरवताना भागायचं ते तुम्हाला हव्या असलेल्या कार्डांच्या संख्येने. ४०० कार्डांचा गठ्ठा टपालासह १२० डॉलर म्हणजे कार्डाला ३० सेंट, असं विक्रेता म्हणेल. पण त्यातली तुम्हाला २५०च नवी असतील तर कार्ड पडलं ४८ सेंटला. शिवाय फोटोत तारे दिसतात का ते बघा. बहुतेक गठ्ठ्यांतून मोठी नावं आधीच काढून घेतलेली असतात. त्याची तक्रार नाही, फक्त भाव तसा हवा.

गठ्ठा घरी आला की त्याच दिवशी लावून टाका. जेवणाच्या टेबलावर आधी शंभराचे ढीग: १ ते ९९, १०० ते १९९, असे. मग एकेक ढीग दहा-दहात, मग क्रमाने. सहाशे-सातशे कार्डं दोघांनी मिळून गप्पा मारत सहज लागतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे काम मनापासून आवडतं आणि त्याचं आकडेमोडीचं भान सुधारतं ते वेगळंच. लावून झालं की न मिळालेले नंबर यादीत.

ही यादी म्हणजे सगळ्या उद्योगाचा कणा. ती फोनमध्ये हवी आणि कागदावरही, कारण कार्ड शो भरणाऱ्या हॉलच्या तळघरात नेटवर्क नेमकं दगा देतं. प्रत्येक नंबरासमोर तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल तो आकडा लिहा. नुसता नंबर लिहिलेली यादी मोहापुढे टिकत नाही. आकडा असला की टिकते.

सुट्या कार्डांसाठी स्पोर्टलॉट्स या संकेतस्थळावर कॉमन कार्डं फार स्वस्त मिळतात, पण विक्रेता बदलला की टपाल वेगळं पडतं. पंधरा सेंटच्या कार्डाला दीड डॉलर टपाल देण्यात अर्थ नाही. म्हणून एकाच विक्रेत्याकडे यादीतली वीस-तीस कार्डं जमेपर्यंत थांबा. सीओएमसी या संकेतस्थळावर वेगवेगळ्या विक्रेत्यांची कार्डं कंपनीच्याच गोदामात असतात, त्यामुळे सावकाश घेत राहायचं आणि शेवटी सगळी एकत्र मागवायची. मधल्या भावाच्या कार्डांसाठी मला ती पद्धत पटते. आणि ट्रेडिंग कार्ड डेटाबेसवर अदलाबदल चालते: तुमचे डबल आणि तुमची यादी टाकली की कुणाशी जुळतं ते दिसतं. साधं पांढरं पाकीट, आत एका पातळ प्लास्टिकच्या खोळीत कार्डं, दोन बाजूंना पुठ्ठा, टपाल तिकीट, झालं. पैशांचा व्यवहार नाही, त्यामुळे उधळपट्टीचा प्रश्नही नाही.

पाचवी पायरी: मोह कुठे गाठतो, आणि तिथे काय करायचं

आवेगात होणारी खरेदी ‘मनावर ताबा ठेवा’ असं म्हणून थांबत नाही. जागा ओळखून प्रत्येक जागेसाठी वेगळा नियम लागतो.

आधी पैशांचं. महिन्याला कार्डांवर जे खर्चायचं ठरलं असेल, त्याचा पाचवा हिस्सा रोख काढून वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. हा चैनीचा लिफाफा. पाकिटं, सेटबाहेरचं आवडलेलं कार्ड, पोराचा हट्ट, सगळं त्यातून. लिफाफा रिकामा झाला की महिना संपला. चैनीला पूर्ण बंदी घालणारे लोक मी पाहिले आहेत. दोन महिने कडक उपास आणि तिसऱ्या महिन्यात चारशे डॉलरचा बॉक्स. लिफाफ्याने तसं होत नाही.

टार्गेट किंवा वॉलमार्टचा रॅक: इथे मोह छोटा पण वारंवार होतो. मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्ड गावी टार्गेटच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, एकाने पिस्तूल काढलं, आणि टार्गेटने दुकानांतली कार्डविक्री काही काळ थांबवली. त्या रॅकसमोर माणसाचं काय होतं त्याचा हा पुरावा. उपाय: पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेली शक्यता वाचा. कुठलं इन्सर्ट किती पाकिटांमागे एक, ते तिथे लिहिलेलं असतं. ते वाचायला चष्मा काढेपर्यंत निम्मा आवेग ओसरतो.

ईबे: इथला धोका रात्रीचा. वॉचलिस्टमध्ये टाका आणि दोन दिवस थांबा. लिलाव असेल तर यादीतला तुमचा आकडा हीच कमाल बोली म्हणून एकदाच टाका आणि लॅपटॉप बंद करा. शेवटच्या मिनिटाला समोरच्याने दोन डॉलर वाढवले म्हणून आपणही वाढवणं, यात कार्ड बाजूला राहतं आणि ईर्ष्या उरते. १९७५चं कुठलंही कार्ड पुन्हा येतं. हजारो माणसांच्या घरांत ते पडलं आहे असं समजून चाला. क्रेडिट कार्डाचा नंबर ॲपमध्ये साठवू नका. उठून पैशांचं पाकीट आणायला जावं लागलं, की बरेच व्यवहार जिन्यातच रद्द होतात.

लाइव्ह ब्रेक, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दुसराच कुणी बॉक्स फोडतो आणि तुम्ही त्यातल्या एका टीमची जागा विकत घेता: सेट करणाऱ्याने याच्या वाटेलाच जाऊ नये. कितीतरी ब्रेकवाले बेस कार्डं पाठवतही नाहीत, फक्त ‘हिट’, म्हणजे सहीचं किंवा तसं खास कार्ड, पाठवतात. म्हणजे तुम्हाला जे हवं तेच त्यात नाही. व्हॉटनॉटसारख्या ॲपवरच्या काही सेकंदांच्या लिलावांचंही तसंच. विचार करायला वेळ उरू नये म्हणूनच घड्याळ इतकं छोटं ठेवलेलं असतं.

कार्ड शो: सगळ्यांत आनंदाची आणि सगळ्यांत धोक्याची जागा. गावोगावच्या व्हीएफडब्ल्यू (माजी सैनिकांच्या संघटनेच्या) हॉलमध्ये रविवारी वीस टेबलं लागतात तिथपासून ते नॅशनलपर्यंत. नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शन १९८०पासून भरतं, बहुतेक उन्हाळ्यात, शहर बदलत: २०२४ला क्लीव्हलँड, २०२५ला शिकागोजवळचं रोझमाँट. २०२२ला ते अटलांटिक सिटीत होतं, तेव्हा न्यू जर्सीकरांना घरच्या घरी जत्रा मिळाली. शोमध्ये पहिली फेरी काही न घेता मारायची. टेबल, तुमच्या यादीतलं कार्ड, मागितलेला भाव, एवढं वहीत टिपायचं. चहा-कॉफी घ्यायची. मग दुसऱ्या फेरीत घ्यायला लागायचं. दोन फेऱ्यांच्या मध्ये ‘आत्ता घेतलं नाही तर जाईल’ वाटणाऱ्या दहा कार्डांपैकी फार तर एखादं जातं.

भाव करायला लाजू नका. मंडईत वाढलेल्या माणसाला हे शिकवायला नको, पण इथे रीत थोडी वेगळी आहे. एकेका कार्डावर घासाघीस केलेली आवडत नाही. एकाच टेबलावरून दहा-पंधरा कार्डं निवडायची, गठ्ठा पुढे करायचा आणि ‘रोखीत या सगळ्याचं किती?’ असं विचारायचं. दुपारनंतर, विशेषतः शेवटच्या दिवशी, विक्रेत्याला खोके परत गाडीत चढवायचा कंटाळा आलेला असतो. कॉमन कार्डांचे नंबरवारी लावलेले लांब खोके घेऊन बसणारे म्हातारे विक्रेते शोधा. त्यांच्यासमोर कुणी उभं नसतं, स्टूल असतं, आणि एका तासात यादीतले चाळीस नंबर कटतात.

आता सगळ्यांत चकवा देणारा मोह: स्वस्त मिळालेलं पण नको असलेलं कार्ड. ‘निम्म्या भावात आहे, पुढे अदलाबदलीला उपयोगी पडेल.’ दहापैकी नऊ वेळा पडत नाही. ते खोक्यात जातं आणि तिथेच राहतं. असं कार्ड हातात आलं की एकच प्रश्न विचारा: याने यादीतला कुठला नंबर कटतो? कटत नसेल तर चैनीचा लिफाफा. तो रिकामा असेल तर कार्ड टेबलावर परत.

मधला कंटाळा

सत्तर-ऐंशी टक्के सेट झाला, की बहुतेकांचा दम जातो. सुरुवातीला एका गठ्ठ्यात दोनशे जागा भरल्या होत्या, आता महिन्याला पाच भरतात. आवेगाची खरेदी इथे सर्वांत जास्त होते, आणि तिचं नेहमीचं रूप म्हणजे नवा सेट सुरू करणं. नव्या सेटमध्ये पुन्हा सगळंच नवं असतं ना! माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे सात अर्धे सेट आहेत आणि पुरा एकही नाही. एका वेळी दोनच सेट चालू ठेवा: एक जुना, एक नवा. तिसरा सुरू करायचा असेल तर आधी दोघांपैकी एक संपवा किंवा विकून टाका.

याच टप्प्यासाठी आणखी एक युक्ती. महाग वीस कार्डं शेवटाला ठेवू नका. सुरुवातीपासूनच दर दोन-तीन महिन्यांनी त्यातलं एक घेत जा. कॉमनच्या रटाळ महिन्यांत एखादा ब्रेट किंवा नोलन रायन आला की पान उजळतं, आणि शेवटी नुसता डोंगर उरत नाही. तीसेक डॉलरच्या वरचं जुनं कार्ड घेताना मात्र नकलेपासून सावध राहा. प्रसिद्ध कार्डांच्या पुनर्मुद्रित प्रती ढिगाने आहेत आणि काहींच्या कडा कापून ‘धारदार’ केलेल्या असतात. १९५७पासून टॉप्सचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं आहे. त्याच सेटमधलं एखादं कॉमन कार्ड सोबत न्या आणि उंची-रुंदी, जाडी, छपाईचे ठिपके ताडून बघा. मोठ्या रकमेचं कार्ड पीएसए किंवा एसजीसी या कार्डं तपासणाऱ्या कंपन्यांनी पारखून सीलबंद केलेलं घेतलेलं बरं. ते बाइंडरच्या कप्प्यात बसत नाही हे खरं. कप्पा मोकळा दिसू नये म्हणून तिथे त्याच कार्डाची नक्कल घालतात काहीजण. नकलेचा हा एक सभ्य उपयोग.

नव्या सेटमध्ये नक्कल त्या मानाने कमी, पण फोटो बदललेल्या प्रती असतात: नंबर तोच, चित्र वेगळं, छपाई फार कमी. कार्डाच्या मागे तळाशी बारीक कोड असतो, त्याचे शेवटचे अंक इतर कार्डांपेक्षा वेगळे असतील तर थांबा. डबल म्हणून वाटून टाकण्याआधी एकदा भिंग लावून बघणं फायद्याचं.

ठेवणं आणि वाटणं

डी आकाराच्या कड्यांचं बाइंडर घ्या. गोल कड्यांत पहिली पानं वाकतात. नऊ कप्प्यांची पानं पीव्हीसी नसलेली हवीत, त्या प्लास्टिकचा कालांतराने कार्डांवर चिकट थर बसतो. बाइंडर उभं ठेवा. बेसमेंटमध्ये ठेवणार असाल तर डीह्युमिडिफायर हवाच; पूर्व किनाऱ्यावरचा जुलै कार्डांना पापडासारखा वाकवतो.

डबलचं काय? जंक वॅक्सचे डबल विकायला बसू नका, टपालाचे पैसेही सुटत नाहीत. अदलाबदलीसाठी शंभर-दोनशे ठेवा, बाकीचे मुलांच्या टीमला वाटा किंवा ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनला चॉकलेटबरोबर दारात द्या. जुन्या सेटचे डबल मात्र सांभाळा. तशीच स्थिती, तसेच नंबर यांचा तीनेकशे कार्डांचा गठ्ठा झाला, की ‘पार्शल सेट’ म्हणून ईबेवर लावा आणि विकून आलेले पैसे त्याच सेटच्या वीस महाग कार्डांच्या रकान्यात लिहा, चैनीच्या लिफाफ्यात टाकू नका.